चॉप आठवडाभर खातो आणि पुन्हा सूर्यफुलावर जातो

कॉकटील, बजरीगर आणि लव्हबर्ड हे छोटे पोपट पाळणाऱ्यांची ही तक्रार वर्षभर चालू असते. पक्षी आधी चॉपकडे, म्हणजे बारीक चिरलेल्या भाज्यांच्या मिश्रणाकडे, बघत नाही. खटपट करून खायला लागतो, चार-आठ दिवस वाटी रिकामी होते. मग एका सकाळी भाजी तशीच पडलेली, कडेला कोथिंबिरीचा चुरा, खालच्या ट्रेत सूर्यफुलाच्या टरफलांचा ढीग. घरचे म्हणतात, याला आवडतच नाही. खरं तर पक्ष्याची आवड आठवड्याभरात बदलत नाही. बदलतं ते आपलं माप: बिया पुन्हा अंदाजाने पडायला लागतात, वाटी दिवसभर भरलेली राहते, आणि आयत्या चरबीसमोर गाजराला कोण विचारतो?

पुढचं सगळं या तीन पक्ष्यांना धरून लिहिलं आहे. आपला हिरवा देशी पोपट यात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली तो पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. जखमी सापडला तर वनविभागाला कळवा. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव यांसारखा मोठा पोपट असेल तर तत्त्वं हीच, प्रमाणं वेगळी. लोरी मुळात मकरंद खाणारा, त्याला यातलं काहीच लावू नका.

आधी काटा, मग भाजी

आहार बदलायला घेण्यापूर्वी दोन आकडे हातात हवेत. पहिला पक्ष्याच्या वजनाचा. सकाळी पहिली मोठी विष्ठा झाल्यावर, खाण्याआधी वजन करा, आणि रोज त्याच वेळी करा. कॉकटील साधारण 80 ते 110 ग्रॅम, लव्हबर्ड 45 ते 60, साधा बजरीगर 30 ते 40 ग्रॅम. कॉकटीलला स्वयंपाकघरातला 1 ग्रॅम अचूकतेचा डिजिटल काटा चालतो. बजरीगरला चालत नाही, कारण 35 ग्रॅमच्या पक्ष्यात धोक्याची घट फक्त साडेतीन ग्रॅमची असते. त्याच्यासाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा, सोनारकामाचा असतो तसा छोटा काटा घ्या. काट्यावर छोटी दांडी किंवा डबा ठेवून शून्य करा, राळ्याचं कणीस दाखवा, दोन-तीन दिवसांत पक्षी स्वतःहून चढतो.

दुसरा आकडा म्हणजे तो आत्ता खातो किती. हा बहुतेकांना ठाऊक नसतो, म्हणूनच पुढची कपात आंधळेपणाने होते. सकाळी वाटीत मोजून 20 ग्रॅम बिया घाला आणि पिंजऱ्याखाली स्वच्छ कागद पसरा. दुसऱ्या सकाळी वाटीतलं आणि कागदावरचं सगळं गोळा करून हलकेच फुंका. टरफलं एका बाजूला, अख्ख्या बिया दुसऱ्या बाजूला. दोन्हींचं वजन 20 मधून वजा केलं की पोटात गेलेला गर उरतो. हे तीन दिवस करा आणि सरासरी काढा. कॉकटीलचा हा आकडा बहुधा 10 ग्रॅमच्या आसपास येतो, बजरीगरचा 5 च्या. तुमच्या पक्ष्याचा जो येईल तोच खरा धरा.

टरफलांच्या बाबतीत एक इशारा. बजरीगर दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो, त्यामुळे वरून वाटी भरलेली दिसते आणि खाली एकही दाणा नसतो. "वाटीत आहे की" म्हणून दोन दिवस पक्षी उपाशी राहिल्याची उदाहरणं नवीन पाळणाऱ्यांत पुष्कळ आहेत. दाण्यांनी भरलेल्या वाटीवर आणखी दाणे ओतण्याची सवय असेल तर ती पहिल्यांदा मोडा. रोज वाटी रिकामी करायची, धुवायची, पुसायची, मग मोजून घालायचं.

सूर्यफुलाला इतका विरोध का

सूर्यफुलाच्या गरात निम्मी चरबी असते. 100 ग्रॅम गरात कॅल्शियम सुमारे 78 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 660 च्या घरात. पक्ष्याला हवं असतं उलटं: कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी, साधारण दोनास एक. अ जीवनसत्त्व तर कुठल्याच कोरड्या बियाण्यात नावालाही नसतं. परिणाम हळूहळू दिसतात: यकृतात चरबी साठते, चोच वेडीवाकडी वाढते, चोचीवर-नखांवर काळसर डाग येतात. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडातलं आणि नाकातलं अस्तर जाड होतं, शिंका सुरू होतात, नाक वाहतं, टाळूवर पांढरे ठिपके दिसतात. सर्दी समजून औषधं दिली जातात आणि वाटीत सूर्यफूल तसंच राहतं.

यावर बाजारातला उपाय म्हणजे सूर्यफुलाऐवजी करडई. करडईला "हलकी" म्हणून खपवतात, पण तिच्या गरातही चरबी 38 टक्क्यांच्या आसपास आहे. बदल घडतो तो पिशवीच्या नावात. खरा बदल म्हणजे राळा, बाजरी, वरी, कॅनरी सीड (एका गवताचं बारीक बी) यांचं मिश्रण. बाजरीसारख्या धान्यात चरबी पाच टक्क्यांच्या आगेमागे असते. सूर्यफूल पूर्ण बंद करू नका. ते वाटीतून काढा आणि हातात ठेवा: कॉकटीलला दिवसाला चार-पाच दाणे, बक्षीस म्हणून. पुढे याचाच उपयोग होतो.

पाण्याचं गणित, जिथे बहुतेक प्रयत्न फसतात

गाजरात 88 टक्के पाणी, लाल भोपळ्यात त्याहून जास्त, पालेभाज्यांत 80 ते 90. म्हणजे 15 ग्रॅम चॉपमध्ये कोरडा ऐवज जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. आता कुणी उत्साहाने कॉकटीलच्या 10 ग्रॅम बियांतले 6 ग्रॅम कमी केले आणि बदल्यात 15 ग्रॅम चॉप दिलं, पक्ष्याने ते सगळं खाल्लं, तरी रोज साडेतीन-चार ग्रॅमचा खड्डा पडतो. आठवडाभर तो अंगातल्या साठ्यावर काढतो. नंतर भूक इतकी वाढते की बिया दिसताच तो भाजी सोडून त्यांच्यावर तुटून पडतो. "खायला लागला होता, पुन्हा बियांवर गेला" यामागे बऱ्याचदा ही साधी उपासमार असते. पक्ष्याने चॉप नाकारलेलं नसतं.

म्हणून पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या दाबून केलेल्या खाद्यगोळ्या) खात नसलेल्या छोट्या पक्ष्यांच्या बिया निम्म्याच्या खाली नेऊ नका. मोठ्या पोपटांसाठी सांगितलेलं दहा टक्के बियांचं प्रमाण इथे आंधळेपणाने लावू नका. बजरीगर आणि कॉकटील ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानात गवताचं बी खाऊन जगणारे पक्षी आहेत. बी त्यांचं अन्नच आहे. चूक बियांच्या जातीत आणि प्रमाणात होते. पक्षी पेलेट खात असेल तर पेलेट निम्मे, बिया पाव ते एक तृतीयांश आणि उरलेलं ताजं, इथपर्यंत जाता येतं. पेलेट रंगीत आणि गोड नकोत, साधे तपकिरी बघा.

वेळापत्रक

पोपटवर्गीय पक्षी सूर्य उगवल्यावर आणि मावळण्याआधी सर्वांत जास्त खातात. नवीन अन्न द्यायचं ते सकाळच्या भुकेला.

रात्री झोपताना बियांची वाटी काढून घ्या. सकाळी उजेड झाला की फक्त चॉप, कॉकटीलला 15 ग्रॅम, बजरीगरला 5. दीड तास राहू द्या. त्याने खाल्लं न खाल्लं तरी दीड तासाने बिया द्या, दिवसाच्या मापाच्या निम्म्या. दुपारी वाटी रिकामी झाली तर होऊ द्या. संध्याकाळी चार-साडेचारला उरलेल्या निम्म्या. पहिल्या आठवड्यात एकूण बियांत एक ग्रॅमचीही कपात नाही, फक्त वेळा ठरवायच्या. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला दहा टक्के कमी करा, तेही त्या आठवड्यात चॉप खरोखर पोटात गेलं असेल तरच. पोटात गेलं हे ओळखायचं विष्ठेवरून: हिरव्या भागात गाजराची नारिंगी छटा किंवा पाल्याची गर्द हिरवी छटा येते, आणि भोवतीचं पाणी वाढतं. हे पाणी म्हणजे जुलाब नव्हे. मधला भाग नीट वळलेला असेल तर काळजी नको, भाजीतलं पाणी मूत्रावाटे बाहेर पडतंय. बीट दिलं तर विष्ठा लाल दिसते, घाबरून दवाखाना गाठण्याआधी काल काय दिलं ते आठवा.

वजन पाच टक्के उतरलं तर कपात थांबवा. दहा टक्के उतरलं तर पूर्वीच्या पूर्ण मापावर या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. 90 ग्रॅमच्या कॉकटीलसाठी हे आकडे 85.5 आणि 81. कागदावर लिहून पिंजऱ्याला लावा, म्हणजे घरात कुणालाही कळेल. "भूक लागली की खाईल" हा सल्ला छोट्या पक्ष्यांत जीवघेणा आहे. ओळखीचं अन्न दिसलं नाही तर काही पक्षी समोरचं नवीन अन्न न खाता नुसते बसून राहतात. त्यांच्या लेखी ते अन्नच नसतं.

झोपण्याआधी गळ्याखालची पिशवी बघा. पिसं बाजूला केली की छातीच्या वर मऊ फुगवटा दिसायला हवा. रात्री ती रिकामी असेल तर त्या दिवशीचा हिशोब चुकला, लगेच बिया द्या.

पिसं गळत असताना, जोडी अंड्यावर असताना, पक्षी आजारी किंवा घरात येऊन तीन आठवडेही झाले नसतील, तर हे सगळं पुढे ढकला.

चॉप कसं असावं

दोन कॉकटीलना बारा दिवस पुरेल असं एक माप. लाल भोपळा 100 ग्रॅम, गाजर 80, लाल ढोबळी मिरची 50, शेवग्याचा पाला 30, मेथी 25, कोथिंबीर 25, शिजवून गार केलेली ज्वारी 50. एकूण 360 ग्रॅम. बर्फाच्या ट्रेत 30 ग्रॅमचे बारा ठोकळे होतात, रोज एक ठोकळा दोघांत. मोड आलेली कडधान्यं यात गोठवू नका, ती देताना ताजी मिसळा, पक्ष्यामागे एक चहाचा चमचा.

भाज्या आधी धुवा. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा घालून 12 ते 15 मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा. त्यानंतरची पायरी लोक गाळतात: पालेभाजी सुती पंचावर पसरून पूर्ण सुकवायची. ओला पाला चिरला की लगदा होतो, लगद्याला पाणी सुटतं, ते तासाभरात आंबतं. मिक्सर वापरायचाच असेल तर एकेक सेकंदाचे झटके द्या. भोपळा आणि गाजर किसून हाताने पिळा. पिळलेलं पाणी वाया जातंय असं वाटून ते परत ओतू नका.

तुकड्याचा आकार पक्ष्याच्या रोजच्या दाण्याएवढा. बजरीगरला बाजरीएवढा, कॉकटीलला ज्वारी-तांदळाएवढा. लव्हबर्डला थोडा मोठा चालतो, कारण त्याला कुरतडायला आवडतं. मोठ्या फोडी दिल्या की पक्षी त्यातलं हवं ते उचलतो आणि उरलेलं उडवतो. बारीक आणि एकसारखं असेल तर निवडणं अवघड जातं.

ठोकळा रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वाटीवर ठेवलेल्या गाळणीत ठेवा. सकाळपर्यंत विरघळतो, सुटलेलं पाणी खाली जातं. देताना चिमूटभर राजगिऱ्याच्या साध्या लाह्या मिसळल्या की उरलासुरला ओलावा शोषला जातो. गरम करायला नॉनस्टिक तवा घेऊ नका. तो कोरडा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतात, शेजारच्या खोलीत असले तरी.

पालकाविषयी एक खुलासा, कारण पहिली भाजी म्हणून सगळे पालकच आणतात. पालकात, माठात आणि चुक्यात ऑक्झलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. महिन्यातून एक-दोनदा चालेल, रोजचा पाला म्हणून नको. रोजच्यासाठी शेवगा, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. शेवग्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही आहे, पानं मुळातच बारीक असतात आणि झाड गल्लीत कुठेतरी असतंच.

धान्यांत नाचणीकडे लक्ष द्या. 100 ग्रॅममागे 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि ते फॉस्फरसपेक्षा जास्त. धान्यांत असं क्वचितच असतं. दाणाही बजरीगरच्या चोचीच्या मापाचा. मोड आणून दिली तर उत्तम.

आणि हिवाळ्यात हुरडा. रानातले बजरीगर-कॉकटील गवताचं अर्धवट पिकलेलं दुधाळ बी आवडीने खातात. ज्वारीचं कोवळं कणीस त्याच्या सर्वांत जवळचं. भाजलेलं नको, कच्चं कणीस पिंजऱ्याला अडकवा. चॉपला हातही न लावणारा पक्षी यावर पहिल्यांदा ओलं अन्न खायला शिकतो. फक्त कणीसच द्या. कोवळ्या ज्वारीच्या पानांत आणि धाटात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, गुरांनाही ते बाधतं. शेतात फवारणी कधी झाली ते विचारून घ्या. पावसाळ्याअखेर बाजरीची हिरवी कणसं मिळतात, त्यांचाही असाच उपयोग.

तरीही तोंड लावत नाही

कॉकटील आणि बजरीगर जमिनीवर टिपून खाणारे आहेत. दांडीला टांगलेली खोल वाटी त्यांना नवीन अन्नासाठी संशयास्पद वाटते. पिंजऱ्याच्या तळाशी किंवा टेबलावर पसरट बशी ठेवा, चॉपवर त्याच्या नेहमीच्या बियांची चिमूट भुरभुरा. बिया शोधताना चोचीला भाजी लागते. दोन-तीन दिवसांनी बिया वर न ठेवता आत मिसळा. शेजारी बसून स्वतः गाजर कुरतडा. हे पक्षी थव्यात एकमेकांचं बघून खायला शिकतात आणि घरातला थवा म्हणजे तुम्हीच.

बजरीगरसाठी खात्रीचा मार्ग ओल्या पाल्याचा. कोथिंबिरीची ओली जुडी, पाणी न निथळता, वरच्या गजाला बांधा. तो आधी तीत अंग घासून आंघोळ करतो, मग पान ओढतो, मग चावतो. इथे ओलेपणा मुद्दाम ठेवायचा आहे. लव्हबर्डला चॉप कागदाच्या सैल पुरचुंडीत द्या, फाडायच्या नादात आतलं खातो. अंडी घालायच्या बेतात असलेल्या मादीला मात्र कागद देऊ नका, ती घरटं करायला घेते.

मिरची हे विसरलेलं आमिष आहे. तिखटपणा ज्या द्रव्यामुळे लागतो ते पक्ष्यांच्या चेतातंतूंना जाणवत नाही. पिकलेली लाल मिरची उभी चिरून बिया दिसतील अशी ठेवली की बरेच कॉकटील आधी बिया आणि मग गर खातात. लाल मिरचीत अ जीवनसत्त्व चांगलं असतं, म्हणजे आमिषच औषध ठरतं. भरलेली, तळलेली, सांडगी मिरची नाही.

एकच भाजी आठ-दहा दिवस सलग द्या. रोज वेगळं दिलं की पक्ष्याच्या दृष्टीने रोजच नवीन संकट. विविधता नंतर आणा.

खाता खाता अचानक सोडलं तर काय तपासायचं

पहिला संशय घरातल्या माणसांवर. आजी चहाबरोबर मारीचा तुकडा देते, मुलं पोळी देतात, कुणी शेंगदाणे. 90 ग्रॅमच्या पक्ष्याला चार शेंगदाणे म्हणजे पोटभर जेवण. त्यावर दीड तास चॉप ठेवून उपयोग काय? शेंगदाण्याचा दुसरा धोका बुरशीचा. दमट हवेत साठवलेल्या शेंगांत अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृत खातं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. घरात कुणाला "देऊ नका" सांगून भागत नाही, त्यांच्या हाती रोजचे ते चार सूर्यफुलाचे दाणे द्या. द्यायची हौस भागते आणि माप पाळलं जातं.

दुसरा, हवा. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर चॉप तासाभरात चिकट होतं. विदर्भात मे महिन्यात तेच अर्ध्या-पाऊण तासात सुकून कातडं होतं. पक्षी ओलसर, ताजं खायला शिकलेला असतो, त्याला आंबूस किंवा वाळकं मिळालं की तो सोडतो आणि बरोबरच करतो. अशा दिवसांत दीड तास एकच वाटी ठेवण्यापेक्षा निम्मं-निम्मं दोनदा द्या. उन्हाळ्यात स्टीलच्या वाटीखाली थंड पाण्याची बशी ठेवली की थोडा वेळ मिळतो. मुंग्यांसाठीही तीच बशी कामाला येते. नाकाला वास आला तर उशीर झालेला असतो.

मोडांची चूक याच जातीची. मूग, मटकी आठ-दहा तास भिजवा, फडक्यात बांधा, दर पाच-सहा तासांनी खळखळून धुवा. मोड दोन ते पाच मिलिमीटरचा झाला की बस. आपल्याला उसळीला लांब मोड लागतो, पक्ष्याला नको, कारण जितका वेळ जास्त तितके जंतू जास्त. आंबट वास, बुळबुळीतपणा किंवा पांढरी जाळी दिसली तर सगळं फेका, धुऊन वाचवू नका. राजमा, वाल, पावटा, घेवड्याचे दाणे कच्चे किंवा मोडाचे देऊच नका. कुकरमध्ये पूर्ण शिजवून, मीठ न घालता.

तिसरं कारण गाव. सुट्टीत पक्षी शेजाऱ्यांकडे किंवा बोर्डिंगला गेला, तिथे वाटी काठोकाठ भरली गेली, आणि दहा दिवसांत सवय मोडली. परतल्यावर एकदम जुन्या मापावर उडी नको, पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करा. या वेळी लवकर येतो. पुन्हा पक्षी कुणाकडे ठेवायला देताना मोजून भरलेल्या छोट्या पुड्या द्या, सकाळ-संध्याकाळ लिहून.

चौथं, पाण्यात टाकलेले व्हिटॅमिनचे थेंब. पाण्याची चव बदलली की काही पक्षी पाणी कमी पितात आणि कोरडं-ओलं सगळंच कमी खातात. शिवाय गोडसर पाण्यात काही तासांत जंतू वाढतात आणि किती औषध पोटात गेलं याचा पत्ता नसतो. डॉक्टरांनी दिलं असेल तर ते सांगतील त्या पद्धतीने, नाहीतर पाणी साधं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं हाड) पिंजऱ्यात अडकवून ठेवा. किनाऱ्यावरून उचललेला असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा काढा, मग कडक उन्हात वाळवा.

फळांचाही एक सापळा आहे. पक्षी खात नाही म्हणून सुरुवात आंबा, केळं, द्राक्षांनी केली की तो "ताजं खातो" असं समाधान मिळतं, पण खातो ती साखर, आणि भाजीवर तो कधीच येत नाही. फळ दिवसाला कॉकटीलला नखाएवढं, फार तर बोटाच्या पेराएवढं, आणि तेही भाजी संपल्यावर. पिकलेली पपई त्यातल्या त्यात बरी. सफरचंद, पेअरच्या बिया आणि जर्दाळू, पीचच्या आठळ्या काढून टाका. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारवलेलं काहीही घरातल्या कुणीही देऊ नये. दूधही नको, पक्ष्यांना ते पचत नाही.

मादी अंड्यावर आली तर

मऊ, कोमट, ओलं अन्न, भरपूर मोड आणि लांब दिवस हा कॉकटील-लव्हबर्ड माद्यांसाठी विणीचा इशारा असतो. चॉप सुरू केल्यावर महिन्याभरात एकटी मादीही अंडी घालायला लागली तर गोंधळून जाऊ नका. मोड पूर्ण बंद करा, चॉप गार आणि कोरडसर द्या, सूर्यफूल शून्यावर आणा, रात्रीचा अंधार बारा तासांचा करा, डबे-खोके-कोपरे काढून घ्या. घातलेली अंडी लगेच उचलू नका, ती पुन्हा घालते आणि प्रत्येक अंड्याला कॅल्शियम अंगातूनच जातं. समुद्रफेस आणि शेवगा या काळात चालूच ठेवा. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली, शेपटी वर-खाली हलतेय, जोर लावतेय पण अंडं येत नाही, तर ते अडकलेलं आहे. त्या वेळी घरगुती तेल-शेक करत न बसता तासाभरात डॉक्टरांकडे न्या.

विष्ठेत अख्खे दाणे दिसणं, विष्ठा थोडी आणि काळपट होणं, भरपूर खाऊनही वजन उतरणं, ही लक्षणं आहाराच्या हट्टाची नाहीत. यांपैकी काही दिसलं तर वेळापत्रक बाजूला ठेवा, ओळखीच्या बिया समोर ठेवा, आणि त्याच दिवसाची ताजी विष्ठा स्वच्छ प्लास्टिकवर घेऊन तपासणीला जा. वजनाची नोंदवही बरोबर न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.